पारा : उशिरा बोलणारे विष

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





शिक्षण संस्थेच्या मेळाव्यात परीक्षांचे निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींचे उच्च शिक्षण अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. तेथे आज मी पाऱ्यासारखा विषय का घेतला, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर प्रथमच देतो. पारा हे असे विष आहे की ते सर्वांत जास्त इजा माणसाच्या मेंदूला करते, आणि त्यातही आईच्या पोटात घडत असलेल्या मेंदूला. आपण पोटाला चिमटा घेऊन मुलांच्या फीचे, पुस्तकांचे पैसे जमवतो. पण ज्या मेंदूच्या भरवशावर हे सर्व चालले आहे, त्याचा पाया मूल शाळेत येण्यापूर्वी, किंबहुना जन्मण्यापूर्वीच घातला जातो. तो पाया सांभाळणे हे शिक्षणाचेच काम आहे.

पारा आपल्या ओळखीचा आहे. रागावलेल्या माणसाचा 'पारा चढला' असे आपण म्हणतो, जुन्या आरशाचा 'पारा उडाला' म्हणतो. आपल्यापैकी उर्दू जाणणाऱ्यांना 'सीमाब' हा शब्द ठाऊक आहे. फारसीत त्याचा अर्थ होतो चांदीचे पाणी, आणि रसायनशास्त्रातील पाऱ्याची जी खूण विद्यार्थी पाठ करतात, ती ज्या शब्दावरून आली त्याचाही अर्थ हाच आहे. जगातील पाऱ्याची सर्वांत मोठी खाण स्पेनमध्ये अल्मादेन येथे होती. ते नावही अरबीतील 'अल-मअदिन' म्हणजे 'खाण' यावरून पडले. नेहमीच्या तापमानात द्रवरूप असणारा हा एकमेव धातू. पाण्याच्या साडेतेरा पट जड, चकचकीत, आणि बोटाने पकडू गेल्यास निसटणारा. लहान मुलांना तो खेळावासा वाटला तर नवल नाही. पण त्याचे खरे रूप डोळ्यांना दिसत नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे.

हे समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पारा तीन रूपांत भेटतो, आणि प्रत्येक रूपाची शरीरात शिरण्याची वाट वेगळी आहे.

पहिले रूप शुद्ध पाऱ्याचे, तापमापकात असते ते. हा पारा चुकून गिळला गेला तर बहुधा जसाच्या तसा शौचावाटे बाहेर पडतो. हजार वर्षांपूर्वी रय शहरचे थोर हकीम अबू बकर अर-राझी यांनी माकडाला पारा पाजून पोटदुखीपलीकडे फारसे काही होत नाही, हे पाहिले होते. परंतु उघडा पारा घरातल्या साध्या उष्णतेतही हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे ऐंशी टक्के रक्तात उतरते आणि तेथून मेंदूपर्यंत पोहोचते. हात थरथरणे, झोप न लागणे, स्वभाव चिडका व भित्रा होणे, विसराळूपणा, हिरड्या सुजणे ही त्याची लक्षणे. युरोपात फेल्टच्या टोप्या बनवणारे कारागीर पूर्वी प्राण्यांच्या केसांसाठी पाऱ्याचा क्षार वापरीत. त्यांच्यात ही लक्षणे इतकी सर्रास होती की लोक त्यांना वेडे समजत.

दुसरे रूप पाऱ्याच्या क्षारांचे. ते त्वचेतून किंवा पोटातून आत जातात आणि मुख्यतः मूत्रपिंडे बिघडवतात. तिसरे रूप सर्वांत घातक, ते म्हणजे मिथिल पारा. नदी-खाडीच्या गाळातील सूक्ष्म जंतू साध्या पाऱ्यापासून तो तयार करतात. तो लहान जीवांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातो. अन्नातून आलेला मिथिल पारा जवळजवळ सगळाच शरीरात शोषला जातो. मेंदूचे रक्षण करणारा पडदा तो ओलांडतो, आणि गर्भाचे रक्षण करणारी वारदेखील ओलांडतो.

आता या तिसऱ्या रूपाच्या दोन हकिगती सांगतो.

पहिली हकिगत जपानमधील मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावाची. तेथे चिस्सो नावाच्या कंपनीचा कारखाना होता. १९३२ पासून तेथे अॅसिटाल्डिहाइड नावाचे रसायन तयार होई आणि त्या क्रियेला चालना देण्यासाठी पाऱ्याचा क्षार वापरला जाई. त्याच क्रियेत मिथिल पारा तयार होऊन सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. १९५० च्या सुमारास लोकांना विचित्र गोष्टी दिसू लागल्या. मासे पाण्यावर तरंगू लागले. मांजरे झिंगल्यासारखी चालत, गरगर फिरत आणि समुद्रात पडून मरत. मग माणसांची पाळी आली. एप्रिल १९५६ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला कारखान्याच्याच रुग्णालयात आणले गेले. तिला चालता येईना, नीट बोलता येईना. पाठोपाठ आणखी मुले आली. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी आरोग्य खात्याला कळवले की मेंदूच्या एका अज्ञात रोगाची साथ आली आहे.

आजारी पडले ते मुख्यतः गरीब कोळी कुटुंबांतील लोक. रोग संसर्गजन्य असावा अशा भीतीने शेजाऱ्यांनी त्यांच्याशी व्यवहार तोडले. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी कारण जाहीर केले : मासे-शिंपल्यांतील सेंद्रिय पारा. त्याच वर्षी डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराच्या अन्नात मिसळून पाहिले, आणि त्या मांजराला तोच रोग जडला. कंपनीने हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. उलट वर्षअखेरीस रुग्णांशी करार करून थोडी सानुग्रह रक्कम दिली आणि त्यात अट घातली की पुढे कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी जास्त मागणी करायची नाही. अडलेल्या माणसांनी सह्या केल्या. १९६५ मध्ये निगाता भागात दुसऱ्या एका कंपनीमुळे हाच रोग पुन्हा उद्भवला. मिनामाता येथील ते उत्पादन मे १९६८ मध्ये बंद झाले, आणि रोगाचे कारण सरकारने अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये. म्हणजे पहिली सूचना मिळाल्यानंतर बारा वर्षांनी, आणि दोष ज्या कामाचा होता ते काम थांबल्यावर! मार्च १९७३ मध्ये न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले आणि तो जुना करार रद्दबातल ठरवला. दोन्ही ठिकाणचे मिळून सुमारे तीन हजार लोक सरकारदरबारी अधिकृत रुग्ण ठरले. ज्यांना ती मान्यता मिळाली नाही, त्यांची संख्या कितीतरी जास्त आहे.

मातांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट यानंतरची आहे. त्याच काळात मिनामाता परिसरात काही मुले जन्मतःच अपंग निपजली. त्यांना मान धरता येईना, गिळता येईना, बोलणे तर दूरच. या मुलांनी मासे खाल्ले नव्हते. त्यांच्या आयांना मात्र किरकोळ तक्रारींखेरीज काही त्रास नव्हता. वार गर्भाचे विषापासून रक्षण करते, असा त्या वेळी वैद्यकाचा समज होता, म्हणून डॉक्टरांना कारण पटेना. आया मात्र सांगत होत्या की हे त्याच रोगाने झाले. अखेर १९६२ मध्ये अशा सोळा मुलांच्या बाबतीत आयांचे म्हणणे खरे ठरले. आईच्या शरीरातले विष बाळाने ओढून घेतले होते. पुढे त्याचा आणखी एक पुरावा घरांतूनच मिळाला. बाळाची नाळ वाळवून डबीत जपून ठेवण्याची जपानी लोकांची रीत आहे. डॉ. मासाझुमी हारादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या नाळा गोळा करून तपासल्या, तेव्हा त्यांत मिथिल पारा सापडला. कारखान्याचे उत्पादन वाढत गेले तसा नाळांतील पाराही वाढत गेलेला दिसला. कागदपत्रे लपवता आली, पण आयांनी जपलेल्या नाळा लपवता आल्या नाहीत.

दुसरी हकिगत इराकची. येथे मासळीचा संबंध नव्हता, संबंध होता भाकरीचा.

दुष्काळामुळे पीक बुडाले होते. म्हणून १९७१ च्या शरद ऋतूत इराकने परदेशातून बियाण्याचा गहू आणि जव मोठ्या प्रमाणात आणवला. बुरशी लागू नये म्हणून त्या बियाण्याला मिथिल पाऱ्याचे औषध चोळलेले होते. ते पेरण्यासाठी होते, खाण्यासाठी नव्हे, हे दाखवण्यासाठी त्याला लालसर रंग दिला होता आणि पोत्यांवर धोक्याची सूचना छापली होती. पण ती सूचना स्पॅनिश आणि इंग्रजी भाषेत होती. इराकी शेतकऱ्याला त्या भाषा येत नव्हत्या. पुष्कळ ठिकाणी बियाणे पोहोचले तेव्हा पेरण्या उरकल्या होत्या आणि घरात खायला धान्य नव्हते. लोकांनी गहू धुतला, लाल रंग निघून गेला, तेव्हा विषही गेले असे त्यांना वाटले. रंग पाण्यात विरघळला होता, पारा दाण्यातच राहिला होता. काहींनी शहाणपणा करून आधी कोंबड्यांना आणि जनावरांना ते धान्य घालून पाहिले. काही दिवस गेले, जनावरांना काही झाले नाही. मग त्याच्या भाकऱ्या भाजल्या गेल्या आणि घरातल्या सगळ्यांनी त्या खाल्ल्या.

मित्रहो, पारा लगेच बोलत नाही. खाणे सुरू झाल्यापासून कित्येक आठवडे उलटले, तेव्हा हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. मग तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, दिसेनासे व ऐकू येईनासे झाले. डिसेंबर १९७१ च्या अखेरीस रुग्णालये भरू लागली. एकूण ६,५३० रुग्ण दाखल झाले आणि रुग्णालयांत ४५९ जण मृत्यू पावले. घरी आजारी पडलेल्यांची आणि घरीच गेलेल्यांची गणती यात नाही. येथेही गर्भवती स्त्रियांची काही मुले अधू झाली.

या प्रसंगात शेतकऱ्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. त्यांनी धान्य धुतले, जनावरांवर तपासून पाहिले. आपल्या बुद्धीप्रमाणे खबरदारी घेतली. कमी पडली ती वाचता येईल अशा भाषेतली एक ओळ, आणि विष उशिरा बोलते हे सांगणारा एक माणूस. शिक्षणाचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर मी या पोत्यांचे उदाहरण देईन.

नुसत्या विद्वत्तेनेही भागत नाही. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान या विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये प्रयोग करताना डायमिथिल पाऱ्याचे काही थेंब त्यांच्या रबरी हातमोज्यावर पडले. ते द्रव्य मोज्यातून क्षणात आरपार जाते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी नव्हते. पाच महिने त्यांना विशेष काही जाणवले नाही. जानेवारी १९९७ मध्ये तोल आणि वाचा बिघडली, आणि जूनमध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या केसाच्या तपासणीत तो दिवस नेमका उमटलेला सापडला. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि त्या त्या वेळचा पारा आपल्यात नोंदवून ठेवतो. जणू ती शरीराची जमाखर्चाची वहीच.

शरीरातून पारा बाहेर काढण्याची औषधे आहेत. पण मेंदूच्या ज्या पेशी मेल्या, त्या औषधाने परत येत नाहीत. म्हणून या विषावरचा खरा इलाज आधीचाच आहे. तो आपल्या घरी कसा करावा, हे आता सांगतो.

पहिली गोष्ट गोरेपणाच्या क्रीमची. लग्नाच्या मुलीचा रंग उजळावा म्हणून घरोघर किती खटपट चालते, हे आपण जाणतो. पाऱ्याचे क्षार त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाहीत, म्हणून काही स्वस्त, बिननावाच्या आणि परदेशातून येणाऱ्या क्रीममध्ये ते सर्रास घातले जातात. चार आठवड्यांत चेहरा उजळतो आणि क्रीमची कीर्ती पसरते. मूत्रपिंडे बिघडल्याचे मागाहून कळते. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांच्या विकाराचा प्रकार विरळा निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. आपल्या अकोल्यातील एका कुटुंबातही अशाच क्रीममुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयात निष्पन्न झाले, ही बातमी २०२३ साली आपण वाचली असेल. अशी क्रीम लावणाऱ्या स्त्रीच्या त्वचेवरून आणि उशी-टॉवेलावरून पारा घरातल्या तान्ह्या मुलापर्यंतही जातो.

तेव्हा आखातातून येणाऱ्या भावाला, मामूला सांगा की डब्या आणू नका. डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि घटकांची यादी नसेल तर ती घेऊ नका. यादीत कॅलोमेल, मर्क्युरस, मर्क्युरिक, मर्क्युरियो यांपैकी शब्द असेल, किंवा सोन्या-चांदीच्या दागिन्यांना क्रीम लागू देऊ नका अशी सूचना असेल, तर तो पाराच समजा. अशी क्रीम वापरली असेल आणि पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर क्रीम थांबवून डबीसह डॉक्टरांकडे जा. लघवीची साधी तपासणी पुष्कळ काही सांगते. वेळीच थांबल्यास बहुतेक रुग्ण सुधारतात. आणि मुलीची किंमत रंगावर करणारे स्थळ आले, तर ते स्थळच नाकारावे, हा माझा सल्ला वैद्यकाचा नसला तरी तो मी देणारच.

दुसरी गोष्ट तापमापकाची. ताप मोजायच्या नळीत अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. ती फुटली तर मुलांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. केरसुणीने झाडू नका, त्याने गोळ्यांचे बारीक कण होऊन ते सर्वत्र पसरतात. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी गोळ्या एकत्र करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, आणि सारे झाकणाच्या बाटलीत घट्ट बंद करून वेगळे ठेवा. मोरीत ओतू नका, चुलीत टाकू नका. आता बिनपाऱ्याचे तापमापक सर्वत्र मिळतात. जुना मोडण्याची वाट न पाहता तो बदलावा. शाळेच्या प्रयोगशाळेतील जुनी पाऱ्याची उपकरणे आणि बाटल्याही शिक्षकांनी एकदा मोजून कुलपात ठेवाव्यात, आणि विद्यार्थ्यांनी पारा तळहातावर घेऊन खेळू नये.

तिसरी गोष्ट मासळीची, आणि येथे गैरसमज होऊ देऊ नये. मिनामाताची हकिगत ऐकून कोणी मासळी सोडू नये. मासळीतील प्रथिने आणि स्निग्ध द्रव्ये गर्भाच्या मेंदूला हितकारकच आहेत. सेशेल्स बेटांवर भरपूर मासळी खाणाऱ्या मातांच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला, त्यात नेहमीच्या समुद्री मासळीने स्पष्ट हानी दिसली नाही. फेरो बेटांवर मात्र मातांच्या आहारात देवमाशाच्या जातीचे मांस असे. तेथे ज्या मुलांना गर्भात जास्त पारा मिळाला होता, ती सातव्या वर्षी लक्ष, भाषा आणि स्मरण यांत थोडी मागे आढळली. म्हणजे प्रश्न कोणती मासळी हा आहे. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी यांत पारा कमी. दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या, वयस्क माशांत तो जास्त. मोठी मोरी आणि तलवार मासा हे त्यांतले प्रमुख. आपल्या कोकणात बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देण्याची पद्धत आहे. आईच्या मायेने दिलेली ही गोष्ट आहे, पण गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला मोठी मोरी देण्याऐवजी लहान मासळी द्यावी. बाळाला अंगावर पाजणे मात्र थांबवू नये.

आपल्याकडील पाणीही या गोष्टीपासून अलिप्त राहिलेले नाही. ठाणे खाडीतील पाऱ्यावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८१ सालीच निबंध प्रसिद्ध केला होता. कॉस्टिक सोडा तयार करण्याची जुनी पद्धत पाऱ्यावर चाले; पुढे आपल्या देशातील कारखाने बिनपाऱ्याच्या पद्धतीकडे वळले. २०१३ मध्ये पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला मिनामाताचेच नाव दिले गेले. तो २०१७ पासून अमलात आला आणि २०१८ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली. कायदा झाला ही समाधानाची गोष्ट आहे. पण कायदा आपल्या कपाटातल्या डबीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. तेथे पोहोचायला घरातले शिकलेले मूल लागते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एक काम सांगून माझे बोलणे संपवतो. आज घरी गेल्यावर आई, खाला, फुफी यांच्या कपाटातल्या डब्या, औषधे, कीटकनाशके यांवरचे बारीक अक्षर मोठ्याने वाचून दाखवा. जे वाचता येत नाही, ते शिक्षकांना विचारा. शेतात पेरायचे म्हणून आणलेले बियाणे कोणाच्या चुलीपर्यंत जात असेल, तर अडवा. आणि पालकांना माझी विनंती अशी की मुलीने असे काही वाचून दाखवले तर 'तुला काय कळते' म्हणू नका. मिनामाताच्या आयांनाही तसेच म्हटले गेले होते, आणि त्या बरोबर होत्या.